दोन बोटं जास्त

ताहेरमियानं गेरूचा खडा घेतला
आणि जीपच्या मडगार्डवर रेघ ओढली,
नवं टायर म्हणालं तेवढी.
मग थुंकी लावून पुसली,
दोन बोटं वर सरकून पुन्हा ओढली.
"आत्ता रिकामी हाय, मालक.
चाळीस क्रेट भरल्यावर बसंल खाली.
तवा काय टायराला पोट आत घे म्हणणार?"

धारूरच्या नाक्यावर, सिमेंटच्या पत्र्याखाली,
भादव्याचं ऊन पाठीवर घेऊन
मी जॅकचा दांडा धरून उभा.
टायर अंबाजोगाईहून आणलेले, जुनेच,
पण नक्षी अजून पेरभर खोल.
घरी सांगितली ती किंमत वेगळी.

गेल्या साली सीताफळाच्या तोडीला
वाघनाळीत जीपचं पोट दगडावर टेकलं
आणि मागची चाकं हवेतच पोहत राहिली.
कौसाबाई बाकीच्या बायांना म्हणाली,
"उतरा गं, हिचं बाळंतपण आपल्यालाच करायचंय."
डोक्यावर क्रेट घेऊन सगळ्या पायी खाली.
सकाळी नुसते डोळे उघडलेलं फळ
दिवे लागेपर्यंत लोणी झालं.
आडतीवर कुणी बोट लावीना.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मिळालेला काळा चष्मा
ताहेरमियानं कानावर चढवला,
ग्राइंडर लावला.
समोरच्या हॉटेलातली भजी तळणारी बाई
झारा तसाच धरून बघत राहिली.

पत्रा कुठला, पापुद्राच तो.
वरचा हिरवा माझा, ब्रशनं मारलेला,
केस चिकटलेला अजून तसाच.
त्याखाली पांढरा, सरकारी.
त्यात लाल त्रिकोणाचं एक टोक
आणि "…टुंब कल्या…"
बीडच्या लिलावात घेतली तेव्हा
हे अंगावर घेऊन आली होती, मीच झाकलं.
मी आईचा पाचवा.
हसू आलं, पण तोंडात भुगा गेला.
पांढऱ्याखाली खाकी, खाकीखाली तांबूस अस्तर,
आणि त्याच्याखाली काही नाहीच,
बोट आरपार.
इतकी वर्षं गंजाला रंगानंच धरून ठेवलं होतं.

"कापा निवांत," मी म्हणालो.
"निवांत नक्को," ताहेरमिया म्हणाला,
"कमी कापलं तर परत कापता येतं.
जास्त गेलं तर चिकटवायला
अल्ला पण पत्रा मागतो."

कानस फिरली. कड हातोडीनं आत दुमडली.
बागेच्या पाइपचा तुकडा उभा चिरून
धारेवर बसवला, लुगड्याच्या काठासारखा.
मग एक चाक दगडावर चढवून
स्टेअरिंग टोकापर्यंत वळवलं.
उजवीकडं गप्प.
डावीकडं करर्र.
ताहेरमिया खाली वाकला, उठला, कमरेवर हात.
"ही डावीकडं पहिल्यापासूनच झुकलेली.
कुणीतरी आपटली आन् सांगितलं नाही."
मी काही बोललो नाही.
त्यानंही मग विचारलं नाही.
गेरू घेतला, अजून एक बोट.

कापलेल्या दोन कोरी जमिनीवर पडलेल्या,
चतुर्थीच्या चंद्रासारख्या, नुसत्या गंजक्या.
त्याच्या पोरानं एक उपडी करून बघितली,
कोंबड्यांना पाणी राहीना, भोकं.
भंगारात दोन्हींचे अकरा रुपये आले.
त्याचा चहा झाला, तीन कप, एक फुल.

दसऱ्यानंतर वाघनाळ.
पहिल्या दगडाला मी दात आवळले.
टायरानं दगड हुंगला, धरला,
आणि जीप अशी वर आली
जशी म्हैस तळ्यातून येते, उगी, अंग सोडून.
कुठं घासलं नाही, कुठं टेकलं नाही.
मागं बाया ओरडल्या. मला वाटलं, आनंदानं.

वर जाऊन थांबलो, मागं वळलो.
मडगार्ड इतकी वर्षं काय करत होतं
ते तेव्हा कळलं.
काळ्या मातीचा चिखल सगळ्यांच्या
पदरावर, कपाळावर, पाणीपिशवीवर.
कौसाबाईनं एक डोळा पुसला,
दुसरा तसाच ठेवला.
"गाडी चढली रे बाबा," ती म्हणाली,
"पण आमाला सारवून काढलंस की."

परत निघताना चाळीस क्रेट भरले.
जीप खाली बसली.
मी उतरून टायर आणि कडेच्या मधे हात घातला.
दोन बोटं. बरोबर दोन.