हातचा एक

एप्रिल आला तरी वुओक्सी नदीचे काठ गोठलेलेच होते.
कंपनीनं मला हेलसिंकीहून पाठवलं ते
एक टेपरेकॉर्डर, दोन डझन कॅसेटी
आणि एवढंच सांगून:
ताइस्तो कुओस्मानेन जुलैत निवृत्त होतोय,
त्याच्या डोक्यात आहे ते सगळं उतरवून आण.

एकोणचाळीस वर्षं तो तिसऱ्या मशीनवर होता.
ओला कागद जिथं जाळीवरून सुटतो
आणि वाळवणाऱ्या रुळांकडे झेपावतो,
तिथं तो तुटायचा, पाळीत दोनदा, तीनदा.
ताइस्तो येऊन उभा राहिला की थांबायचा.
दर तुटीला चाळीस मिनिटं,
दर मिनिटाला किती मार्क,
ते हिशेबखात्यानं मला टंकून दिलं होतं.

मी विचारायचे, कसं कळतं?
बघून.
काय बघून?
तो कॉफी ओतायचा.

अकरा आठवडे.
हळूहळू त्याला 'जर' लावायची सवय झाली,
मला 'तर' शोधायची.
जर कडेला झालर दिसली,
आणि जर रुळाचा आवाज जाड झाला,
तर फेल्ट तुंबलंय.
खात्री किती? आकड्यात सांगा.
"खात्रीचं पाद्रीबाबाला विचार," तो म्हणाला,
मग माझी कीव येऊन: "लिही, दहात सात."

लोक जर-तरच्या गोष्टींना हसतात.
मी त्यांच्यावर पगार घेत होते.

तीनशे बारा नियम झाले.
कपाटाएवढं यंत्र आलं, घों घों पंख्याचं,
पडद्यावर हिरवी अक्षरं.
संचालक आले, केक आला,
ताइस्तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.
यंत्राला एक कळ होती, 'का?' विचारायची.
आम्हा सगळ्यांचा त्या कळीवर जीव.
त्यानं एका बोटानं ती दाबली.

नियम दोनशे चारमुळे.
का?
नियम एकेचाळीसमुळे.
का?
तज्ज्ञाने तसे सांगितले आहे.

टाळ्या झाल्या.
तो वाकून बघतच राहिला,
स्वतःच्याच दारावर टकटक करून
आतून कोणी ओ देतंय का
ते ऐकावं, तसा.

पुढच्या मे महिन्यात, पहाटे तीनला,
कागद सहा वेळा तुटला.
यंत्र सहाही वेळा म्हणालं: फेल्ट, दहात सात.
फेल्ट दोनदा बदललं.
शेवटी पाळीप्रमुख वेसानं चोरून फोन लावला.
"फोन मशीनकडे धर," ताइस्तो म्हणाला,
आणि मिनिटभर गप्प.
लाकूड कुठलं आलंय?
सीमेपलीकडचं.
ताजं तोडलेलं?
हो, कालच उतरलं.
"राळ आहे. तुरटी वाढवा." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी, जरा चिडूनच.
तो गुडघ्यावर बसून बटाटे लावत होता.
हे तुम्ही मला सांगितलं का नाहीत?
"तू लाकडाचं विचारलंच नाहीस,"
आणि मग, माती झटकत,
"मलाही ठाऊक नव्हतं, ते मला ठाऊक आहे म्हणून."

मी हॉटेलवर बेरीज पुन्हा मांडली.
हातचा एक धरायचा राहून गेला होता,
आणि तो कुठल्या घरातला, हे काही सापडेना.
रात्री नियम तीनशे तेरा लिहिला. दहात नऊ.

मंदीत यंत्र भंगारात गेलं.
पंख्याला तेवढं गिऱ्हाईक मिळालं.
त्याआधीच्या हिवाळ्यात ताइस्तो.

कॅसेटी माझ्याकडे आहेत.
नववीत मी विचारते, काय बघून?
मग कॉफी ओतल्याचा आवाज,
मग कोणीच बोलत नाही,
आणि मागं तिसरं मशीन, अखंड,
मध्येच किंचित जाड होणारं.
टायपिस्टला मी सांगितलं होतं,
तो नुसता गोंगाट आहे,
सोडून दे.