कोरा रकाना

संध्याकाळी सहाला पोर्टल बंद होतं.
ज्याने आकडा भरला नाही त्याच्या नावापुढे
ते आपणहून शून्य टाकतं
आणि नकाशावर तो वॉर्ड हिरवा करतं.

तीन दिवस हिरवा होता तो,
हजिऱ्याच्या मागचा, नाल्याकाठचा.
मुरार लाल, लक्ष्मीगंज लाल,
आणि हा ताज्या कोथिंबिरीच्या जुडीसारखा.
साहेब म्हणाले, "बघा इंगळे मॅडम, इथे काम झालंय,"
आणि पडद्याचा फोटो काढला, भोपाळला पाठवायला.

मी ग्वाल्हेरची. आमच्याकडे ऑक्टोबर सरत आला
तरी कूलरमधलं पाणी कुणी काढत नाही,
न जाणो, आणखी एक दुपार तापली तर.
त्या पाण्यात काय वळवळतं, ते पडद्यावर दिसत नाही.
पण मला ऐकू यायचं:
रोज पावणेसहाला रामकली बाथमचा निरोप.
ॲप तिला उघडता येतं, विश्वास नाही एवढंच.
"मॅडमजी, लिख लो, आज बुखारवाले चार,"
आणि मागे कुकरची शिट्टी.

तीन दिवस शिट्टी नव्हती.

फोन बंद. चौथ्या दिवशी
जेवणाच्या सुट्टीत टेम्पोत बसले.
गल्लीच्या तोंडाशी भर उन्हात
एक मुलगा रजई पांघरून बसला होता.
तिथूनच मोजायला लागले.

रामकली खाटेवर. डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणाली,
बोटाने नेमकी जागा दाखवली,
जशी ती दारोदार लोकांना विचारत आली होती.
उशीखाली गॅस एजन्सीचं कॅलेंडर,
त्याच्या पाठीवर नावं. पहिली पंधरा सरळ ओळीत,
मग ओळ उतरत गेलेली, उतरत,
शेवटचं नाव कागदावरून पडायच्या बेतात.
एकतीस.
फोन चार्जिंगला लावायला उठणं झालं नव्हतं तिच्याने.
नावं लिहायला मात्र उठली होती.

रात्री एकेक भरलं.
पत्त्याच्या रकान्यात मोजकीच अक्षरं मावतात:
"आटाचक्कीच्या वर, निळं दार, जिना बाहेरून"
यातलं दार राहिलं, जिना कापला गेला.
रामकली बाथम. वय चव्वेचाळीस. ताप, दिवस चौथा.
व्यवसायाच्या यादीत आशा नव्हती.
'इतर' निवडलं.

शेवटच्या नावाला वॉर्ड लाल झाला.
लाल बघून एवढं हायसं मला कधी वाटलं नव्हतं.
सकाळी फवारणीची गाडी गेली, रक्त घ्यायला दोघी नर्स,
आणि घरोघरचे कूलर उलटे करणारी पोरं,
ज्यांच्याशी बायका भांडल्या म्हणे दुपारपर्यंत.

भोपाळच्या इंजिनिअरला मी फोनवर म्हटलं,
शून्य आणि कोरं यात काही फरक ठेवा हो,
एक कुणीतरी हिंडून आणलेलं असतं.
चांगला मुलगा आहे. म्हणाला, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू.
तोवर पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवली आहे:
हिरव्याला फोन करणे.

सोळा दिवसांनी, पावणेसहाला,
तिचा आवाज आला. खरखरीत, वजन उतरलेला.
"मॅडमजी, लिख लो. आज जीरो."
मागे शिट्टी झाली. थांबून दुसरी.

मी शून्य लिहिलं.
तरीही उलटा फोन लावला.