परवानगी लागत नाही

कौन्सिलच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या मशीनशेजारी
माझं टेबल. दिवसभर फोन.
माणसं दबक्या आवाजात विचारतात,
जणू चोरीच करायची आहे.
कुंपण? घाला.
नळ बदलायचाय? बदला की.
काचघर? तुमच्या टोमॅटोंना आमची हरकत नाही.

सिरिल ऑर्मरॉड, वय एकोणऐंशी,
टेकडीवरच्या शेवटच्या ओळीतलं घर.
पहिला फोन मार्चमध्ये :
परसात शेड बांधायचीय.
किती मोठी?
"आठ बाय सहा. फूट.
तुमचे ते मीटर मला कळत नाहीत."
वीज?
"कंदील आहे."
आत कुणी झोपणार?
(यादीतलाच प्रश्न, विचारावा लागतो.)
थोडा वेळ नुसती खरखर.
"झोपायला अख्खं घर पडलंय, बाई."

मग परवानगी लागत नाही, मी म्हटलं.
या वाक्यावर लोक खूश होतात,
दोनदा आभार मानतात.
हे म्हणाले, "बरं."

मे महिन्यात पुन्हा :
छताला जुन्या गिरणीची स्लेट,
पाडली तेव्हा उचलून ठेवलेली. चालेल?
चालेल.
जूनमध्ये : बिजागऱ्या पितळी. चालतील?
मिस्टर ऑर्मरॉड, बिजागऱ्या आम्ही बघतच नाही.
"म्हणजे," ते थांबले,
"बघायला कुणी येणारच नाही?"

चाळीस वर्षं सुतारकी.
प्रत्येक कामावर कुणी ना कुणी येऊन
गुण्या लावून, नाक मुरडून गेलेलं.
हे त्यांनी फोनवर सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही.

शनिवारी बस पकडली. ओळखपत्र घरी,
फाइल नाही, उगाच एक पेन्सिल कानामागे.
त्यांनी चहा विचारला नाही,
पाणसळ हातात दिली.
मी उंबऱ्यावर ठेवली, फळीवर ठेवली,
बुडबुडा जरा इकडेतिकडे झाला
आणि मधोमध येऊन बसला.
सांध्यांवरून बोट फिरवलं : खिळा कुठे लागला नाही.
ते मागे उभे, टोपी हातात,
शाळेतल्या पोरासारखे.

मग दार ओढलं.
खालच्या कोपऱ्यात, अगदी केसभर.
"इथे घासतंय," मी म्हटलं.

"घासतंय ना!"
इतका आनंद मी कुणाला
होकार देऊनसुद्धा कधी पाहिला नव्हता.
रंधा खिडकीत
आधीच काढून ठेवलेला होता.