उंबरठ्यांची पातळी

कंटेनरच्या ऑफिसात कूलर घरघरतोय.
बाहेर पंचेचाळीस पूर्णांक सहा.
भिंतीवर तक्ता, निळ्या पट्ट्यांचा:
खोदाई, मुरूम, काँक्रीट, क्युरिंग, हस्तांतर.
हस्तांतराच्या पुढे कागद कोरा,
तिथं एक डास मारल्याचा डाग.

गोधनीकडचा मागचा रस्ताही माझाच.
सतरा दिवस आधी संपवला, दोन टक्के वाचवून.
शाल, श्रीफळ, फोटो.
ते दोन टक्के म्हणजे
न उकरलेला जुना डांबरी थर.
त्याच्यावरच ओतलं आम्ही, सव्वा फूट.
फोटोत ते दिसत नाही.

जुलैतल्या एका रात्री
रस्त्यावरचं पाणी कांताबाई ढोकांच्या घरात उतरलं
आणि शिलाई मशीनची मोटर संपवून गेलं.
मी गेले, चपला हातात घेऊन.
भांडल्या नाहीत त्या.
स्टोव्ह पलंगावर ठेवून चहा केला.
म्हणाल्या, "आधी घरातून सडकेवर उतरत होतो बाई,
आता घरात उतरतो.
विहिरीत उतरल्यावानी."

आता हा वाठोड्याचा रस्ता.
उईके स्टाफ धरतो, मी दुर्बिणीतून वाचते.
रस्त्याची मध्यरेषा नंतर. आधी उंबरठे.
एकशे चौदा.
रांगोळी पुसू नये म्हणून
तो स्टाफ बोटभर बाजूला टेकवतो
आणि मी ते बोटही वहीत लिहिते.

"काय मोजून राहिल्या? पाडता का काय घर?"
"नाही. तुमच्या दाराच्या खाली राहायचं आहे."
"कोणाले?"
"आम्हाला."

बैठकीत मी नव्या पट्ट्या मांडल्या, हिरव्या नव्हे, निळ्याच.
जुना थर खरवडणे, अकरा दिवस. तोच दळून खाली वापरणे.
क्युरिंगला भांडेवाडीचं शुद्ध केलेलं पाणी,
पिण्याचा टँकर नाही.
बारा ते चार काम बंद.
तीन कडुलिंबांसाठी नालीला दीड मीटर वळण.

बोधनकर साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
"हे क्लायंटनं मागितलं का?"
"नाही."
"मग पैसे कोण देणार?"
"आतापर्यंत कांताबाई देत होत्या."

कोण कांताबाई, त्यांनी विचारलं नाही.
अकराचे सात दिवस केले.
दोन कडुलिंब ठेवले.
तिसरा तोडला त्या दिवशी
फुलमती आणि तिच्या बाया
जेवायला कुठे बसाव्यात हे ठरेना;
शेवटी मिक्सरच्या सावलीत बसल्या,
सावली सरकेल तशा सरकत.

आज सगळे गेल्यावर
हस्तांतराच्या पुढच्या कोऱ्या जागेत
मी पेन्सिलीनं रेघा ओढल्या.
पहिला पावसाळा. दुसरा.
नालीतला गाळ कोण काढतं, कोणत्या महिन्यात.
सातव्या वर्षी सांधे कोण भरतं.
पट्टीला नाव हवं, म्हणून सध्या माझंच लिहिलं,
फोन नंबरासकट.

डासाचा डाग अकराव्या वर्षात येतो.
खोडला नाही.
उतार चुकला असेल
तर तोही येईलच.