त्राब्झोनच्या पुढे

बस सोमवारी पहाटे पाचला.
आज शुक्रवार, आणि पोटातला गोळा
माझ्या तीन दिवस आधीच निघालाय प्रवासाला.

नोदार शेजारून हेझलनट तोलायचा काटा घेऊन आला.
सुटकेस आकड्याला टांगली. एकतीस किलो.
बसवाल्याने सांगितलेत पंचवीस.
आंबट आलुबुखारच्या चटणीच्या दोन बाटल्या काढल्या,
एक परत ठेवली.
हिवाळी बूट काढले. लोकरीची चादर काढली.
मग आईचा फोटो.
फोटोचं वजन ते काय असणार,
पण काटा हलला.
नोदार म्हणाला, "त्सिउरी, आधी हात काढ सुटकेसवरचा."

अठ्ठावन्न वर्षांत मी
सुप्सा नदीच्या त्या काठाहून या काठाला आले, ती लग्नात.
बातुमीला दोनदा:
एकदा दातासाठी, एकदा समुद्रासाठी.
आता थेस्सालोनिकी.
तिथे एक म्हातारी आहे, कुणाची तरी आई,
किरिया एव्दोकिया, वय एक्क्याण्णव.
तिला उठवायचं, भरवायचं,
रात्री हाक आली की कुशीवर वळवायचं.
त्या हाकेची भाषा वहीत उतरवून घेतलीय:
नेरो म्हणजे पाणी.
पोनाई म्हणजे दुखतंय.
सिगा-सिगा म्हणजे हळूहळू.
धार काढताना मी गाईला विचारते, निशा, पोनाई?
कपाळावरचा पांढरा ठिपका हलवून
ती वैरण ओढते.
"घरी परत कधी" याला काय म्हणतात
ते वहीत नाही.
मी विचारलंच नाही.

शनिवारी रात्री डोळ्याला डोळा नाही.
छातीत कुणी जातं फिरवतंय,
पीठ काही पडत नाही.
पासपोर्ट उशीखाली. उठून पाहिला. आहे.
परत उठले. आहे.
तिसऱ्या वेळी नोदार अंधारातूनच म्हणाला, "आहे."

तेव्हा मी कोट चढवला
आणि सुटकेस घेऊन निघाले.
अंगणात पर्सिमॉनच्या झाडावर पान नाही,
नुसती फळं, विझायची राहून गेल्यासारखी.
चाकं चिखलात रुतली, मग उचलूनच घेतली.
बोंबोरा मागोमाग आला, कुठे म्हणून न विचारता.
पुलाजवळच्या थांब्यापर्यंत चौदाशे पावलं. मोजली.
बसले.
बस येणार नव्हतीच. तरी निरोप घेऊन पाहिला:
पुलाचा, लामाराच्या गंजक्या फाटकाचा,
चहाच्या मळ्याचा, जिथे आता कुणी पानं खुडत नाही.
रडून पाहिलं. थोडंसंच आलं.
कुत्रा पायावर हनुवटी टेकून झोपला.

फाटक वाजलं. लामारा, बॅटरी घेऊन, नवऱ्याच्या बुटांत.
"आज शनिवार आहे."
"माहितीय."
ती शेजारी टेकली. अकरा वर्षं काढलीत तिने तिकडे,
गुडघे तिकडेच विसरून आले, म्हणते.
मी विचारलं, भीती कधी गेली?
वाटलं, देवाचं काहीतरी सांगेल.
"सार्पीची चौकी ओलांडली आणि ओकायला लागले.
होपा, रिझे, पिशव्या संपल्या,
पुढच्या बाईने डोक्यावरचा रुमाल दिला.
त्राब्झोनपर्यंत.
त्राब्झोनच्या पुढे भूक लागली.
अशी भूक, की विचारू नकोस.
आणि खायचं सगळं खाली, डिकीत."
मग आम्ही दोघी हसलो, इतक्या,
की बोंबोरा उठून लांब जाऊन बसला.

परत येताना सुटकेस तेवढीच जड होती.
सिगा-सिगा, मी तिला म्हटलं.

रविवारी मक्याच्या भाकऱ्या थापल्या.
चीज कापलं, मलमलीत बांधलं.
हातातल्या पिशवीत ठेवलं, अगदी वर,
पासपोर्टच्या शेजारी.
गोळा आहे अजून पोटात. मूठभर.
भाकरी उलटताना तोही उलटतो.

"एवढ्या कशाला?" नोदार म्हणाला.
"पहाटे तुझ्या घशाखाली घास उतरणार नाही."
"या पहाटेच्या नाहीत," मी म्हटलं.
"या त्राब्झोनच्या पुढच्या."

त्याला काय कळलं कोण जाणे.
आत गेला, मिठाची पुडी बांधून आणली,
पिशवीत खोचली,
आणि पिशवी हातानेच तोलत उभा राहिला बराच वेळ.
काटा त्याने सकाळीच परत केला होता.