कारणाचा रकाना

लळिंगच्या पलीकडे, खदानीच्या काठावर
पत्र्याच्या खोलीत माझं टेबल.
टेबलावर रजिस्टर, रजिस्टरवर दगड,
वारा पानं उलटतो म्हणून.

उखर्डूचं हेल्मेट पिवळं आहे.
चैत्रात त्यात मोहाची फुलं असतात,
एरवी कांदा, भाकर, बिडीबंडल.
डोकं नसतं.
"तापतं," म्हणतो. खरंय.
मे महिन्यात इथे पहारसुद्धा हातात धरवत नाही.

त्याच्या आधीची तीन जगली नाहीत
म्हणून आईनं त्याला जन्मल्या दिवशीच
उकिरड्यावर ठेवलं
आणि शेजारणीकडून पसाभर ज्वारीला
परत विकत घेतलं.
टाकून दिलेलं पोर मरण कशाला उचलेल?
तो हिशेब तेव्हाच मिटला, असं धरून चालतो तो.
"उखर्डूले काय व्हनार शे?"
म्हणत सुरुंगाच्या भोकापाशी काडी ओढतो.

पहिल्या दिवशी पाय लटपटले होते त्याचे.
मी पाहिलेत.
दहाव्या दिवशी नाही लटपटले.
मग काही न झालेला एकेक दिवस
दगडासारखा रचत गेला,
त्याची भिंत झाली,
आणि तो तिच्या सावलीत जेवायला बसू लागला.

एखादं भोक उडालं नाही तर अर्धा तास थांबायचं.
भिंतीवर लिहिलंय, लाल अक्षरात.
पण भाव ब्रासचा मिळतो, थांबण्याचा नाही.
अर्धा तास म्हणजे एक बिडी.
ट्रॅक्टर उभे असले तर
अर्धी.

एकदाच वेगळं झालं.
त्याची धाकटी, पुनी, शाळा सुटल्यावर डबा घेऊन आली.
त्यानं हेल्मेट रिकामं केलं, घातलं,
हनुवटीखाली पट्टासुद्धा लावला.
"मांगे सरा रे!" सगळ्यांवर खेकसला.
पोरीचं मनगट धरून पुरता अर्धा तास उभा,
दर दोन मिनिटांनी मला वेळ विचारत.
म्हणजे सगळं ठाऊक होतं त्याला.
दुसऱ्या दिवशी हेल्मेटात पुन्हा कांदा.

सोमवारी ओळीतलं शेवटचं भोक मुकं राहिलं.
तीन ट्रॅक्टर उभे. मालकाचा फोन, पुन्हा फोन.
उखर्डूनं माझ्याकडे पाहिलं.
मी घड्याळाकडे. अकरा मिनिटं.
मी काही बोललो नाही.
नुसती मान हलवली.

उजव्या हाताची तीन बोटं.
डोकं उघडंच होतं, त्याला खरचटलंही नाही.
सिव्हिलमध्ये हसला माझ्याकडे बघून:
"दख भाऊ, वाचनू ना?"
आता तर त्याला कोणीच पटवू शकणार नाही.

रजिस्टरात रकाना आहे: कारण.
त्यासाठी शिक्काच करून ठेवलाय मालकानं,
'कामगाराचा निष्काळजीपणा'.
शाईची उशी ओली आहे.
समोर खिळ्याला माझं हेल्मेट,
आत कोळ्यानं संसार थाटलेला.

शिक्का हातात घेऊन बसलोय केव्हाचा.
वारा सुटलाय.
दगड उचलला तर
पान आपोआप उलटेल.