मोजपात्र

संडासाच्या खिडकीत प्लास्टिकचं मोजपात्र आहे.
त्यावर सीत्स्केनं जांभळ्या पेनानं लिहिलंय:
पॅनकेकसाठी वापरू नये.

शनिवार, सकाळी सात: नव्वद मिली.
आठ चाळीसला साठ.
मध्ये एक थेंब काढलेला, म्हणजे चड्डी ओली.
थेंब ती लहान काढते,
खऱ्याहून बराच लहान.

आठ वर्षांची आहे.
शाळेच्या अंगणात खेळता खेळता खाली बसायची,
टाच अंगाशी घट्ट दाबून,
बुटाची नाडी बांधतेय असं दाखवत.
तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या, वेल्क्रो होतं.
हे सगळ्या वर्गाला माहीत होतं.
मला नव्हतं.

लेवार्डनच्या दवाखान्यात नर्स हिल्केनं
कागदावर उलटा नासपती काढला.
ही पिशवी. भरली की वर निरोप धाडते.
हिचा निरोप्या रमतगमत येतो
आणि दारात पोचला की एकदम बोंब ठोकतो.
यात आळस नाही, हट्ट नाही.
मी खुर्चीत जरा सरकलो.
आळशी हा शब्द मार्चमध्ये मी वापरला होता,
गाडीची मागची सीट पुसताना,
तिच्याकडे न बघता.

मग नियम.
दर दोन तासांनी मनगटावरचं घड्याळ थरथरेल.
लागली असो वा नसो, जायचं.
पाय स्टुलावर, गुडघे सैल, ओठांवर शीळ.
झालं म्हणून लगेच उठायचं नाही,
वीसपर्यंत मोजून पुन्हा एकदा.
पाणी कमी करायचं नाही, उलट सहा पेले.
आणि घाई आलीच तर धावायचं नाही:
उभं राहायचं, कळ काढायची,
लाट ओसरली की चालत जायचं.

चालत! मला काही हे पटेना.
मला, बावीस वर्षं वोर्कुमच्या लॉकवर दारं उघडणाऱ्याला.
मागचं लावा, पाणी सारखं होऊ द्या, मग पुढचं,
आधी जोर लावाल तर दार हलणारसुद्धा नाही,
असं उपऱ्या नावाड्यांना रोज ऐकवणाऱ्याला.

सहावा आठवडा चांगला गेला. सातवा नाही.
तिच्या आईनं तीनदा मशीन लावलं
आणि काही बोलली नाही.
ते न बोलणंही सीत्स्केला ऐकू गेलं.

रविवारी ती लॉकवर आली, खुंट्यावर बसली.
एक जर्मन बोट भोंगा वाजवत होती,
मी वैतागून हँडलला हात घातला.
बाबा, थांब, अजून चार बोटं फरक आहे.
तेवढ्यात तिचं घड्याळ थरथरलं.
ती उठून उभी राहिली, ओठ मिटून, अर्धा मिनिट,
मग माझ्या केबिनकडे निघाली.
निम्म्या वाटेत पावलं जवळ जवळ पडू लागली.
धावली मात्र नाही.

रात्री वहीत: एकशे सत्तर.
त्याच्या अलीकडे एक थेंब,
जांभळा, खऱ्या मापाचा.
खाली रेघ ओढून तिनं वही माझ्यापुढे सरकवली.
तुझे पेले लिही ना.
तूही दिवसभर पाणी पीत नाहीस.